चांगले जंतू

गुलमंडीत साड्यांच्या दुकानात मी अर्धं आयुष्य काढलं. त्यात एक गोष्ट शिकले, की विकणाऱ्यानं आपल्या मालाच्या प्रेमात पडू नये. हा रंग तुम्हाला खुलून दिसतो, हा पदर घेऊन मांडवात गेलात तर नवरीकडं कुणी बघायचं नाही, असं सगळं गिऱ्हाइकाला सांगावं आणि सांगताना चेहरा खरा ठेवावा. पण संध्याकाळी गादीवरून उतरताना ते तिथंच ठेवून घरी यावं. मी स्वतः घरी साधं सुती लुगडंच नेसते. माझ्या धाकट्या भावाला, आकाशला, हे कधी जमलं नाही. तो औषधं विकायचा आणि संध्याकाळी ती औषधं त्याच्याबरोबर घरी यायची.

आकाश एका औषध कंपनीत एमआर आहे. म्हणजे गळ्यात टाय, हातात जड बॅग, आणि डॉक्टरचे सगळे पेशंट संपेपर्यंत दवाखान्याच्या दारात उभं राहायचं. मग आत जायचं, आपलं औषध किती गुणाचं ते दोन मिनिटांत पोपटासारखं बोलायचं, टेबलावर सँपल ठेवायचं, आणि साहेबांनी मान हलवली तर तेवढ्यावर खूश होऊन बाहेर यायचं. आमचे वडील सांडू लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचे. त्यांच्या पोरानं टाय बांधला याचं आमच्या आईला, पारूबाईला, इतकं कौतुक की बाबासाहेबांच्या फोटोशेजारची खुंटी तिनं त्या टायसाठी राखून ठेवली होती. माझी पिशवी एकदा त्या खुंटीला लावली तर मला ऐकवलं होतं.

आकाशची कंपनी बरंच काय काय विकते, पण त्याचा जीव एकाच औषधावर. छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, टोपण मोडायचं आणि आतलं पाण्यासारखं औषध बाळाच्या तोंडात सोडायचं. त्यात जिवंत जंतू असतात, चांगले जंतू, आणि ते जुलाबावर देतात. त्यावर त्याला एकदा कंपनीच्या मीटिंगमध्ये काचेचं बक्षीस मिळालं होतं. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला त्या कुप्या माहीत होत्या, कारण तो मागेल त्याला सँपल द्यायचा.

त्याची पोरगी संबोधी. आम्ही तिला बोधी म्हणायचो. सात महिन्यांची होती, नुकती बसायला लागली होती आणि बसता बसता एका बाजूला कलायची, मग स्वतःच हसायची. माझ्या कानातल्यांवर तिचा भारी डोळा. मला मूल नाही. दुकानातून सुटले की मी आधी तिच्याकडं जायचे आणि मग स्वतःच्या घरी, आणि माझे मालक, म्हणजे नवरा राजेंद्र, त्यावरून मला चिडवायचे, की तुझं सासर-माहेर सगळं त्या पाळण्यात आहे. होतंच.

उन्हाळा होता. आमच्याकडं नळ येतो तो मोठ्या पाहुण्यासारखा, आठवड्यानं कधी, त्याहून उशिरा कधी, आणि आला की सगळी गल्ली हातातलं टाकून त्याच्यामागं धावते. ड्रम भरून ठेवायचे आणि तळ दिसेपर्यंत पुरवायचे. बोधीला आईच्या दुधावर वरचं थोडं सुरू केलं होतं, नाचणीची पेज, भाताची मऊ खिमट. जुलाब त्या तळाच्या पाण्यानं लागले की वाटी-चमच्यानं की आणखी कशानं, ते कुणाला कळलं नाही. शनिवारी सकाळी सुरू झाले आणि दुपारपर्यंत सरितानं, म्हणजे आकाशच्या बायकोनं, दुपटी धुवून दोरी भरून टाकली.

"दात यायलेत," आई म्हणाली. आमच्याकडं पहिल्या वर्षात पोराला काहीही झालं तरी दातच येत असतात.

आकाश घरी आला, त्यानं टाय काढायच्या आधी बॅग उघडली. बॅगेतून कुपी काढताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. इतकी वर्षं लोकांच्या पोरांना दिली, आता आपल्या पोरीला द्यायची पाळी आली, तर माणूस घाबरेल. हा उलट फुलला होता. टोपण मोडून त्यानं औषध तिच्या जिभेवर सोडलं आणि आम्हाला समजावून सांगायला बसला.

"आई, ऐक. पोटात दोन जातीचे जंतू असतात."

"तिथं बी जात हाय का?" आई म्हणाली.

"दोन प्रकारचे म्हण. चांगले अन् वाईट. जुलाबात वाईट माजतात. मग आपण वरून चांगल्यांची फौज धाडायची. ते जागा धरतात, वाइटांना हाकलतात."

"हाकलले ते कुठं जातेत?"

"बाहेर पडतात."

"पोरीचं सगळंच बाहेर पडायलंय की रं," आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. सरिता पण हसली. बोधी सुस्तावली होती तरी आम्हाला बघून तिनं पण तोंड उघडलं.

रविवारी मला सुट्टी होती. मी गेले तेव्हा बोधीला उलट्या पण सुरू झाल्या होत्या आणि आई तिची टाळू भरत बसली होती. बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा, तिथं घरोघर तेल घालतात, हे काही कुणाला सांगायला नको. बोधीची टाळू खाली गेली होती, बोट ठेवलं तर बोट बसेल एवढी. आईनं ते बघितलं आणि तिला वाटलं, रोग सापडला.

"टाळू पडली. म्हणूनच जुलाब थांबंनात," ती म्हणाली. तिनं कोमट तेल ओतलं, कापसाची घडी ठेवली आणि वरून टोपडं घट्ट बांधलं.

टाळू पडली म्हणून जुलाब होत नाहीत, जुलाबानं अंगातलं पाणी गेलं म्हणून टाळू पडते. हे मला नंतर घाटीत, सरकारी दवाखान्यात, कळलं, तोवर मी पण आईला तेलाची वाटी धरून दिली. आमच्या आईची आई असंच करायची आणि तिची आईही. त्यातली जगलेली पोरंच पुढं सांगायला राहिली, हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आकाशला मात्र राग आला. "आई, ही टाळू-बिळू सोड. लोक हसतील. औषध चालू आहे ना?"

"तुझं औषध तू दे. मी कुठं नाय म्हणायले? पर डोस्कं माझ्याकडं राहू दे. अन् हिला सांग, दोन दिस पाजू नको म्हणावं. हिनं परवा मिरचीचा ठेचा खाल्लेला, ते दूध बाधलंय पोरीला. जरा आतडं कोरडं पडू दे, आपोआप थांबतं."

यावर आकाशनं वाद घालायला हवा होता. तो बी.एस्सी. झालेला, त्याला सगळं माहीत होतं. पण आईशी भांडून भांडून त्यानं कुप्यांची बाजू जिंकली होती आणि सगळंच जिंकायचं तर घरात राहायचं कसं. मग दोघांची वाटणी झाली. तोंडात कुपी आकाशची, डोक्यात तेल आईचं, आणि दूध बंद. बाजारात दोन व्यापारी भांडून शेवटी मधला भाव ठरवतात तसा हा प्रकार. मधल्या भावानं साडी विकता येते.

सरिता कोपऱ्यात बसली होती. तिची छाती दाटून आली होती आणि बोधी तिच्याकडं तोंड वळवून ओठ हलवत होती. ती हळूच आकाशला म्हणाली, "अहो, ते मिठा-साखरेचं पाणी देऊ का? अंगणवाडीच्या बाईंनी पुडी दाखवली होती."

"ओआरएस. हां, द्यायचंच असतं ते," आकाश म्हणाला. मेडिकलवरून पुडी आणली, पाणी उकळून गार केलं, सगळं नीट केलं. सरितानं चमच्यानं पाजलं, पोरीनं घटाघटा घेतलं, मग सगळं एकदम ओकून टाकलं. खालूनही पिचकारी गेली.

"बघा," आई म्हणाली. "जेवढं वरून घालशीला तेवढं खालून जाईल. फुटक्या घागरीत कशाला वतायलात?"

आणि सगळ्यांना ते पटलं, कारण समोर दिसत होतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एकेक चमचा द्यायचा असतो, ओकली तरी द्यायचा असतो, हे पुडीवर कुठंतरी असेल. पुडी घडी घालून फडताळात ठेवली गेली. जिला बक्षीस नाही, टाय नाही, मीटिंग नाही, अशी ती स्वस्तातली पुडी. माझ्या दुकानात पण सुती साड्या खालच्या कप्प्यात असतात.

संध्याकाळी मीच आकाशच्या मागं लागले. "एवढे डॉक्टर तुझ्या ओळखीचे. पोरीला घेऊन जा की एखाद्याकडं."

"आक्का, रविवार आहे."

"मग फोन कर."

फोन करायलाही तो कचरला. बाहेर चार येरझाऱ्या घातल्या, केस नीट केले, फोनवर केस कोण बघतंय. मग त्याच्या एका मोठ्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला, लहान मुलांचे. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. फोन मोठ्यानं लावला होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बोल आकाश."

"सॉरी सर, रविवारी त्रास देतोय. मुलीला लूज मोशन आहेत सर. सात महिन्यांची आहे."

"अच्छा. ओआरएस चालू आहे ना?"

"हो सर."

"आईचं दूध बंद केलं नाही ना कुणी? बायका बंद करतात."

"नाही सर. चालू आहे सर."

"शू होतेय ना व्यवस्थित?"

"हो सर."

"मग घाबरायचं काही नाही. झिंक लिहून पाठवतो ते चालू कर. आणि तुझ्या कुप्या आहेतच की रे, त्या दे," साहेब हसले. "सुस्त वाटली, डोळे आत गेल्यासारखे वाटले, तर लगेच उचलून आण. विचारायचंही नाही, यायचं."

"हो सर. थँक यू सर."

फोन ठेवला. मी म्हणाले, "अरे आकाश, दूध तर बंद आहे."

"माहिती आहे."

"मग हो कशाला म्हणालास?"

तो चिडला. "मग काय सांगू? माझ्या घरात बाईला पाजू देत नाहीत, पोरीच्या डोक्यात तेल ओतून बसलेत, असं सांगू? आक्का, त्या माणसासमोर मी रोज टाय लावून उभा राहतो. तिथं जागा करायला मला किती वर्षं लागली तुला माहीत आहे का? आपल्यातल्या माणसाकडं ते कसं बघतात, एकदा डोळ्यात आलं की जात नाही ते."

ते मला माहीत होतं. आणि दुसरी गोष्ट मला नंतर कळली. तो खोटं बोलला असं त्याला त्या वेळी वाटलंच नव्हतं. डॉक्टरनं काही म्हटलं की 'हो सर' हे त्याच्या तोंडातून आपोआप येतं, जसं माझ्या तोंडातून 'दाखवते ना ताई' येतं. डॉक्टर म्हणाले पाऊस पडतोय, तर हो सर. औषध महाग आहे, हो सर, पण बघा ना सर. वर्षानुवर्षं त्या दारात उभं राहून त्या पोराच्या जिभेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं. साहेबांनी जे विचारायला हवं ते एकेक करून विचारलं होतं. पोरीचा जीव त्या उत्तरांवर होता आणि उत्तरं धंद्याची होती.

सोमवारी सकाळी जुलाब कमी झाले.

हे लिहिताना मला अजून संताप येतो. जुलाब कमी झाले म्हणून घरात आनंद झाला. आकाश म्हणाला, "बघितलं? लागू पडलं." आई म्हणाली, "टाळूनं उतार पडला." दोघं आपापल्या औषधावर खूश. दोरीवर दुपटी कमी, पोर रडत नाही, शांत पडून आहे. आत पाणीच उरलं नव्हतं, जुलाब कशाचे होणार? पण शांत पोर कुणाला नको असतं. आकाशनं टाय बांधला आणि त्या दिवशीचा त्याचा दौरा होता लासूर स्टेशनला, तिकडं निघून गेला. तिथल्या मेडिकलवाल्याला त्यानं सांगितलं म्हणे, की कालच माझ्या पोरीला दिलं, स्वतःचा अनुभव सांगतो. त्यानंच नंतर मला हे सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

दुपारी मी गिऱ्हाइकासमोर पैठणी उलगडत होते तेव्हा सरिताचा फोन आला. सरिता मला कधी दुकानात फोन करत नाही.

"आक्का, येता का? ही रडायलीय पण डोळ्यांत पाणी नाय. अन् आवाज पण निघंना."

मी साडी तशीच टाकून निघाले. राजेंद्रची रिक्षा शहागंजात होती, त्यांना बोलावून घेतलं. घरी पोचले तर बोधी सरिताच्या मांडीवर. डोळे अर्धे उघडे आणि खोल गेलेले. मी कानातलं तिच्यासमोर हलवलं, तिनं बघितलं नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली, कणकेसारखी. सरितानं सकाळपासून दुपटं बदललं नव्हतं, कारण ते ओलंच झालं नव्हतं.

"उठ," मी म्हणाले.

"आकाश येऊ दे," आई म्हणाली. "त्याच्या वळखीनं जाऊ. तिकडं घाटीत गर्दीत कोण इचारतंय?"

सरिता कधी सासूला उलटून बोलली नव्हती. ती तेव्हाही बोलली नाही. तिनं पोर उचललं आणि सासूच्या पायाला पाय लागला तरी न थांबता बाहेर गेली. चप्पल पण घातली नाही.

रिक्षात ऊन लागत होतं म्हणून मी पदर धरला होता. सरितानं सगळ्यांसमोर, राजेंद्रसमोर, पोलका सोडला आणि बोधीला छातीशी लावलं. दूध आपोआप गळत होतं, बोधीच्या गालावरून, मानेवरून. तिला ओढायची ताकद नव्हती. सरिता बोटानं तिच्या ओठांत थेंब सोडत राहिली आणि ते थेंब तोंडाच्या कडेनं बाहेर येत राहिले.

घाटीत गर्दीत कुणी विचारणार नाही ही आईची भीती फुकट होती. पोर बघताच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते आमच्या हातातून घेतलं. त्यांनी टोपडं सोडलं, कापूस काढला, तेलानं बरबटलेल्या टाळूवर बोट ठेवलं. हातात शीर सापडेना, पायात सापडेना, मग पायाच्या हाडात सुई घातली. बोधी त्या सुईला रडली नाही. सुई टोचली आणि पोर रडलं नाही तर काय उरलं?

बाई विचारत होत्या आणि सरिता सांगत होती. दूध कधीपासून बंद? कालपासून. ओआरएस? एकदा दिलं, ओकली. लघवी? काल सकाळी, नंतर नाही. एकेक खरं उत्तर ती देत होती, खाली मान घालून, तिला कुणी दोषी म्हणेल याची पर्वा न करता. तीच उत्तरं एक दिवस आधी फोनवर गेली असती तर, हे माझ्या मनात आलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं.

आकाश संध्याकाळी धावत आला, टाय आणि बॅगेसकट. "काय काय दिलं होतं?" बाईंनी विचारलं. त्यानं बॅग उघडून कुपी काढली आणि त्यांच्या हातात दिली, दवाखान्यात रोज देतो तशी, दोन बोटांत धरून, नाव समोर येईल अशी. मला वाटतं ते त्याच्या हातानंच केलं.

बाईंनी कुपी फिरवून बघितली. "यानं काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ही देतात काही लोक. जुलाब झाले तर एखादा दिवस लवकर थांबतात, कधी तेही नाही. पण जुलाबानं बाळ दगावत नाही हो. पाणी संपल्यानं दगावतं. पाण्याच्या जागी हे चालत नाही."

"हो मॅडम," आकाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोधी गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती, नंतर झटके आले. त्या बाईंनी आणि सिस्टरनी हात झटकले नाहीत, शेवटपर्यंत लागल्या होत्या. एवढ्याशा बाळाला जाळत नाहीत. पुरायला चार माणसं गेली आणि राजेंद्र परत आले ते रिक्षात बसून राहिले, घरात आलेच नाहीत. मी हंबरडा फोडला असं शेजारी सांगतात. मला आठवत नाही. मला फक्त आठवतं की मी कानातलं काढून टाकलं, दोन्ही, आणि कुठं टाकलं ते अजून सापडलं नाही, मी शोधलंही नाही.

सरिताचं दूध थांबेना. बायकांनी सांगितलं फडकं घट्ट बांध, तिनं बांधलं, तरी पोलका भिजायचा. ती मोरीत बसून पिळून टाकायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायची. ती कुणाला काही म्हणाली नाही. ना आकाशला, ना आईला. म्हणाली असती तर घरात भांडण तरी झालं असतं.

आई अजूनही म्हणते, टाळू वेळेवर भरायला हवी होती, शनिवारीच. मी तिला घाटीतल्या बाईंनी काय सांगितलं ते सांगून बघितलं. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि म्हणते, "व्हय, पर शनिवारीच भरली असती तर." तिला दुसरं काही धरायला दिलं तर ती ते सोडेल, आणि माझ्याकडं द्यायला काही नाही.

आकाश एकदा माझ्याकडं येऊन बसला. म्हणाला, "आक्का, मला पाठ होतं. रोज दहा डॉक्टरांना बोलतो मी. पहिलं वाक्यच आहे आमचं. सर, ओआरएसच्या जोडीला द्यायचं. इतक्यांदा म्हटलं, की ते वाक्य आहे हेच विसरलो." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नोकरी सोडतो म्हणाला, सोडली नाही. सोडून करणार काय, पोती उचलणार? डोक्यावर घराचं कर्ज नसलं तरी पोट आहे. तो पुन्हा टाय बांधून त्याच दारांत उभा राहायला लागला, तेच औषध, तेच वाक्य. फक्त सँपल घरी आणायचं त्यानं बंद केलं.

उन्हाळा संपता संपता शेजारची मुक्ताबाई दारात आली. तिच्या नातवाला जुलाब लागले होते. तिच्याकडं बघून कळत होतं की तिला यायला जड गेलंय, पण पोर आजारी असलं की माणूस लाज धरत नाही.

"आकाश बाबा, ती तुझी कुपी असंल तर दे की."

आकाश उठला. मी तिथंच होते. मला वाटलं तो कोसळेल, पण तो दारात जाऊन तिच्यासमोर खाली बसला आणि समजावून सांगायला लागला. ओआरएसची पुडी, उकळून गार केलेलं पाणी, एकेक चमचा, ओकला तरी थांबून पुन्हा. आईचं दूध बंद करायचं नाही, काही झालं तरी बंद करायचं नाही. शू होते का ते बघायचं. टाळू खाली गेली तर तेल नाही घालायचं, उचलून घाटीत. एकही गोष्ट सुटली नाही. इतकं मनापासून त्यानं आयुष्यात कुणाला काही सांगितलं नसेल. घरातलं ओआरएसचं पुडकं पण त्यानं तिच्या हातात दिलं.

मुक्ताबाई ऐकत होती. "व्हय बाबा, व्हय," म्हणत होती. मग म्हणाली, "ते सगळं करू. पर कुपी?"

"कुपी नाही माझ्याकडं, मावशी."

ती पुडकं घेऊन वळली. मला तिचा चेहरा दिसला. तिला वाटलं, याची पोरगी गेली, आता हा दुसऱ्याच्या पोराला द्यायला मागंपुढं बघतोय. गल्लीत पण तेच बोललं गेलं, की दुःखानं माणसाचा हात आखडतो. तिच्या पोरानं शहागंजातून कुप्या विकत आणल्या. पुडीचं पाणी दिलं की नाही, ते मी विचारलं आणि ती म्हणाली, त्याला आवडंना.

तीन-चार दिवसांनी नातू बरा झाला. बहुतेक पोरं होतातच बरी. काही दिलं तरी होतात, नाही दिलं तरी होतात, आणि जे दिलेलं असतं त्याचं नाव होतं. मुक्ताबाई पेढे घेऊन आली. तिच्या कडेवर तो नातू, गुटगुटीत, मुठी चोखत असलेला. ती आली ती रागानं नाही, आनंदानं आली होती. आकाश आत होता, टाय बांधत होता. आई दारात होती आणि सरिता तांदूळ निवडत होती.

"घ्या, तोंड गोड करा," मुक्ताबाई म्हणाली. "त्या कुपीनंच वाचला बघा माझा नातू. पहिल्या कुपीलाच उतार पडला." मग ती सरिताकडं बघून जरा थांबली आणि खरंच न समजून, अगदी मायेनं म्हणाली, "तुमच्या तर घरातच होत्या गं बाई. मग तुमची पोर कशी गेली?"

आकाशचे हात गळ्याशी थांबले. आई काहीतरी टाळूचं पुटपुटली. पोर वाचल्याचा पेढा परत करायचा नसतो, म्हणून सरितानं हात पुसले, पुढं झाली आणि पेढा घेतला.